प्रतिनिधीचा उपवास

शारदीय नवरात्राचे घट बसले की पंढरीत घरोघरी माळा चढू लागतात आणि गृहिणींचे उपवास सुरू होतात. आमच्या घरी मात्र सन २०२२ च्या नवरात्रात तो उपवास आम्ही केला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्यास आमची गृहिणी प्रथम राजी नव्हती. आता तिचीच आज्ञा आहे.

त्या वर्षीच्या माघात तिच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून चार महिने तिने कोणासही सांगितले नाही. अखेर सांगितले ते सुनेला. आम्ही आयुष्यभर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सुश्रुतसंहितेचे निदानस्थान शिकविले. अर्बुद गोल, स्थिर, खोल मुळाचे, अल्प वेदनेचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते, हे लक्षण पदच्छेद करून किती वेळा सांगितले असेल! तेच घरात वाढत होते आणि शास्त्रीबुवांस पत्ता नव्हता. काव्य शिकविताना जो शब्द आम्ही निःसंकोच उच्चारतो, तो सोलापूरच्या डॉक्टरांपुढे जिभेवर येईना. ‘छातीला काही झाले आहे’ एवढेच पुटपुटलो. पुढचे सूनबाईंनी स्वच्छ सांगितले.

गाठीचा तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्या आषाढीस आम्ही पंढरीत नव्हतो. मुक्काम दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. रुग्णांचे आप्त तेथे राहतात. कीर्तनकार म्हणविणाऱ्या आम्हास या थोर कीर्तनकाराची थोरवी तेथील ओसरीवर अधिक कळली.

पुढे केमोथेरपी सुरू झाली आणि केस गळाले. शस्त्रक्रियेला न डगमगलेली ही बाई आरशापुढे मात्र कोसळली. कपाळी कुंकू आणि मस्तक मुंडित! आजीच्या काळातील केशवपन तिने लहानपणी पाहिले होते. ती देवघरात येईना. शेजारच्या एकीने पाण्याचे भांडे वेगळे ठेवले, तेही तिच्या मनास लागले. (हा रोग स्पर्शाने होत नाही, हे सुशिक्षितांसही सांगावे लागते.) सूनबाईंनी काही न बोलता अष्टमीला पहिली ओटी सासूचीच भरली.

उपवासाचा हट्ट मात्र सुटेना. डॉक्टरांनी तर भरपूर खाण्यास बजावले होते. सूनबाईंनी विचारले, “मामंजी, शास्त्रात काही सोय नाही का?” आहे. याच पंढरीत काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये धर्मसिंधु पूर्ण केला. अशक्ताचे व्रत पती, पुत्र आदी प्रतिनिधींनी करावे, अशी मोकळीक त्यात आहे. आम्ही नऊ दिवस उपवास केला आणि ती आमच्यासमोर बसून मुगाची खिचडी जेवली.

टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासणी करीत, अशा चार फेऱ्या झाल्या. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आता कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही हे सांगतो. प्रथम माना खाली जातात. पण कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेणाऱ्या एखाद्या आजीबाई आमच्या गृहिणीला हळूच बाजूस बोलावून नेतात.

तिचे केस पुन्हा आले आहेत, पांढरेशुभ्र. गोळ्या रोज चालू आहेत. यंदा डॉक्टरांच्या परवानगीने ती ‘उठता-बसता’ उपवास करणार आहे. मधले दिवस आमच्याकडे.