अडलेला खडा

पित्ताशयात पडलेला खडा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तोच घरंगळून मुख्य पित्तनलिकेत उतरला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंग खाजतं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर हुडहुडी भरून ताप येतो. आपल्याकडे अशा वेळी आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध शोधतात, कुणी गळ्यात माळही घालतं. पण ही तुंबलेल्या नळीची कावीळ. तुंबा निघाल्याशिवाय उतरत नाही.

तो काढायला पूर्वी पोट उघडावं लागे. १९७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग आणि जपानमध्ये कवाई यांनी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून नलिकेच्या मुखाचा स्नायू कापला, आणि तोवर निदानापुरती असलेली ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून होणारी पित्तनलिकेची तपासणी, उपचाराच्या कामी आली. फुग्याने किंवा तारेच्या टोपलीने खडा आतड्यात ओढायचा, पुढे तो शौचावाटे जातो. बहुतेक खडे असेच निघतात.

गाडी अडते ती १५ मिलिमीटरहून मोठ्या, घट्ट रुतलेल्या किंवा आकुंचलेल्या जागेच्या वर बसलेल्या खड्यांपाशी. निरोगी नलिका जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद असते. इथे जोर लावला तर खडा धरलेली टोपलीच आत अडकते, आणि मग डॉक्टरांनाही घाम फुटतो. म्हणून एकतर मोठ्या फुग्याने मुख रुंद करायचं, नाहीतर खडा आतच फोडायचा. दुर्बिणीतूनच नलिकेत आणखी एक बारीक दुर्बीण शिरते आणि खडा डोळ्यांसमोर ठेवून त्यावर लेझर किंवा विजेची ठिणगी सोडते. ठिणगीची ही युक्ती मुळात सोव्हिएत इंजिनिअर यूत्किन यांची. पाण्यात उडालेली ठिणगी धक्कालहर उठवते आणि त्या लहरीने दगड फुटतो, हे त्यांनी १९५०च्या दशकात मांडलं होतं.

धोका नाहीच असं नाही. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती टाळायला गुदद्वारावाटे वेदनाशामक गोळी देतात. कापलेल्या जागी रक्तस्रावही होतो.

रुग्ण वयस्क आणि तापाने बेजार असेल, तर शहाणा डॉक्टर खड्याच्या वाटेलाच जात नाही. बाजूने प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, सरकवून पित्ताला वाट देतो. पुढे खडा झिजून लहानही होऊ शकतो. मात्र ही नळी साधारण तीन महिन्यांनी बदलावी किंवा काढावी लागते. ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेली असते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, जेवण जाऊ लागलं, की तो कागद कपाटात जातो.