विजेला वाट देणारे प्लॅस्टिक

पिंपरी-चाकण पट्ट्यातील वाहन उद्योगात नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग साध्या प्लॅस्टिकमध्ये ठेवत नाहीत. अशा प्लॅस्टिकवर साचलेली स्थिर वीज चिप क्षणात निकामी करू शकते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काळ्या ट्रेमध्ये बहुधा कार्बनची पूड असते. वीज वाहते ती कार्बनमधून. प्लॅस्टिक आहे तसेच राहते. काही बहुवारिके मात्र स्वतःच विजेला वाट देतात, आणि त्यांची रीत निराळी आहे.

त्यांच्या साखळीत कार्बन अणूंमधील एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. काही इलेक्ट्रॉन साखळीभर पसरलेले असतात. तरीही वीज वाहत नाही, कारण खालचे ऊर्जास्तर भरलेले आणि वरचे रिकामे असतात. छतापर्यंत पोती रचलेले गोदाम डोळ्यांसमोर आणावे. माल भरपूर, पण एक पोते सरकवायला जागा नाही. एक बाहेर काढले की शेजारचे त्या जागी सरकते, मग त्याच्या शेजारचे. आयोडीन हेच करते: साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेते. यालाच डोपिंग म्हणतात. व्यापाराच्या भाषेत भेसळच, पण हेतुपुरस्सर आणि गुणकारी! अर्थात दाखला थोडा अपुरा आहे. पोते काढल्याने गोदामाच्या भिंती हलत नाहीत. इलेक्ट्रॉन गेल्यावर मात्र आसपासच्या बंधांची लांबी बदलते आणि भरलेल्या व रिकाम्या स्तरांमधील अंतरात नवे स्तर निर्माण होतात. पदार्थाचा रंगही त्यामुळेच पालटतो.

शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी १९७७ साली पॉलिॲसिटिलीनची वाहकता अशा रीतीने सुमारे एक कोटी पटींनी वाढवून दाखवली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही विद्युत्वाहक बहुवारिकांवर, त्यांत पॉलिॲनिलिनवर, संशोधन झाले आहे. पॉलिॲनिलिनचे वागणे आणखी नवलाचे. आम्ल मिळताच ते निळ्याचे हिरवे होते व वीज वाहू लागते. येथे एकही इलेक्ट्रॉन बाहेर जात नाही. आम्लातील प्रोटॉन साखळीला जोडला जातो आणि आतल्या आतच इलेक्ट्रॉनांची फेरमांडणी होते. उलट, अल्कलीने धुतले की पुन्हा निळे, पुन्हा विद्युत्रोधक.

वेष्टनाचा व्यवहार करणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद पैशाचा आहे. कार्बन भरलेला ट्रे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतला, तरी कार्बन आत राहतो. पॉलिॲनिलिनचा हिरवा थर त्याच पाण्यात आपली वाहकता गमावतो, आणि पुढच्या खेपेत त्याच ट्रेमध्ये चिप ठेवल्या जातात.