विश्लेषण : नव्वदी ओलांडलेल्या मशीनगनला हलका वारस का मिळाला नाही?

अमेरिकी सैन्याच्या वाहनांवर आणि नौकांवर आजही दिसणारी १२.७ मिलिमीटरची ‘एम-२’ हेवी मशीनगन १९३३ मध्ये सेवेत आली. तिचा मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केला होता. तिच्या काळातील विमाने आणि रणगाडे इतिहासजमा झाले. ती मात्र टिकून आहे. तिच्या निम्म्याहून कमी वजनाचा वारस घडवण्याचा प्रयत्न अमेरिकेने केला आणि २०१२ मध्ये तो सोडूनही दिला. असे का झाले?

वारसाची गरज का भासली?

नुसत्या बंदुकीचे वजन ३८ किलो, तर तिवईसह ते ५८ किलो भरते. वाहनावर बसवलेल्या बंदुकीचे हे वजन जाणवत नाही. मात्र अफगाणिस्तानसारख्या डोंगराळ मुलखात वाहनाची वाट संपली, की बंदूक, तिवई आणि दारूगोळा माणसांच्याच पाठीवर येतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. तापलेली नळी बदलल्यावर, नळीत बसलेल्या काडतुसाचे बूड आणि त्यामागचा बोल्ट यांतील अंतर सैनिकाला स्वतः जुळवावे लागे. घाईगर्दीत त्यात चूक झाली, तर काडतूस आतच फुटून तो जखमी होण्याचा धोका असे.

वजन घटवण्यात अडचण कोणती?

ही बंदूक सुमारे ४३ ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळपास ८९० मीटर वेगाने फेकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळीला मिळालेल्या संवेगाइतकाच संवेग उलट दिशेने बंदुकीलाही मिळतो. बंदूक निम्म्या वजनाची केली, तर ती दुप्पट वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. मग तिवई उसळते, नेम ढळतो. जुन्या बंदुकीतील पोलाद हे ओझे होते, तसाच तो आधारही होता.

त्यावर तोडगा काय निघाला?

‘जनरल डायनॅमिक्स’ कंपनीने आधी ‘एक्सएम-३१२’ आणि नंतर ‘एक्सएम-८०६’ ही बंदूक विकसित केली. तिच्यात नळीसह आतील हलता भाग प्रथम पुढे झेपावतो आणि तो पुढे जात असतानाच गोळी झाडली जाते. धक्क्याचा पहिला हिस्सा ही पुढची गती थोपवण्यातच खर्ची पडतो. उरलेला दीर्घ अंतरावर शोषला जातो. एका जोरदार ठोशाची जागा संथ रेटा घेतो. त्यामुळे बंदुकीचे वजन सुमारे १८ किलोवर आणता आले.

मग माशी कुठे शिंकली?

पुढे जाऊन मागे येण्याच्या या फेरीला वेळ लागतो. ‘एम-२’ मिनिटाला ४५० ते ६०० गोळ्या झाडते. ‘एक्सएम-८०६’चा वेग २५०च्या आसपास होता. एकेका धक्क्याची तीव्रता कमी करता येते; परंतु मिनिटाभरात तिवईवर येणारा एकूण रेटा किती गोळ्या सुटल्या यावरच ठरतो. म्हणजे हा संथपणा बंदुकीच्या हलकेपणाला पूरकच होता. मात्र धावते वाहन किंवा खालून उडणारे विमान क्षणभरच टप्प्यात येते आणि तेवढ्यात निम्म्याच गोळ्या सुटणे ही मोठी उणीव ठरते.

अखेर काय स्वीकारले गेले?

२०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळून निधी ‘एम-२ए१’ या सुधारित आवृत्तीकडे वळवण्यात आला. तिची नळी झटपट बदलते आणि ते धोकादायक अंतर कारखान्यातच कायमचे निश्चित होते. जुन्या बंदुकांमध्येही हा बदल करता येतो. सोबत ‘एम-२०५’ ही हलकी तिवई आली.

सोव्हिएत संघाने मधला मार्ग निवडला होता. ३४ किलोच्या ‘डीएसएचके’नंतर त्याने १९७०च्या दशकाच्या आरंभी २५ किलोची ‘एनएसव्ही’ आणली, तीही माऱ्याचा वेग न घटवता. भारतीय लष्कराच्या टी-७२ रणगाड्यांवर हीच बंदूक असते. तिची रशियन वारसदार ‘कोर्ड’देखील जवळपास तेवढ्याच वजनाची आहे.

अमेरिकी सैनिकाच्या दोन तक्रारींपैकी जिवावर बेतणारी तक्रार दूर झाली. पाठीवरचे ओझे मात्र तिवईपुरतेच हलके झाले.