सर्व्हरची शाकारणी

चंदगडच्या पावसाची ज्याला ओळख आहे, त्याला शाकारणी म्हणजे काय हे सांगावयास नको. मृगाआधी कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा नीट बसवावी लागतात. घर मजबूत आहे म्हणून शाकारणी टळत नाही. आणि शाकारणी करावयाची म्हणून कोणी दर वर्षी वासे बदलीत नाही. पतसंस्था, दवाखाना, वाचनालय यांच्या नोंदी ज्यावर राहतात, त्या सर्व्हरलाही हाच न्याय लागू पडतो.

सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक. त्याचा सारा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, ती कार्यप्रणाली. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या प्रणाली मुक्त आहेत. त्यांची घडण कोणालाही पाहता, बदलता व वापरता येते. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. या प्रणालींत वेळोवेळी दोष सापडतात आणि त्यांच्या दुरुस्त्या मिळत राहतात. प्रश्न एवढाच की, त्या केव्हा व कशा बसवावयाच्या?

यावर एक पक्ष म्हणतो, ‘चालले आहे ना? मग हात लावू नका.’ पण दुरुस्ती जाहीर झाली की दोषही जाहीर होतो. कोणते कौल फुटके आहे हे चोरालाही कळते. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिची जोडणी तात्पुरती तोडावी लागली आणि देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. क्लाउडसेक या सुरक्षा-संस्थेच्या विश्लेषणानुसार या हल्ल्याची वाट जेन्किन्स या मुक्त आज्ञावलीतील एका छिद्रातून गेली होती. त्या छिद्राची दुरुस्ती जानेवारीतच प्रसिद्ध झालेली होती!

दुसरा पक्ष म्हणतो, ‘रोज जे नवे येईल ते घ्यावे.’ त्यातही धोका आहे. २९ मार्च २०२४ रोजी उघड झाले की, एक्सझेड नावाच्या आज्ञावलीच्या ताज्या आवृत्तीत कोणी तरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसविला आहे. सर्व्हरमध्ये प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो हुडकून काढला. ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत पोचली होती. स्थिर शाखेत मात्र आली नव्हती.

हे स्थैर्य म्हणजे केवळ जुनेपणा नव्हे. स्थिर शाखेचे राखणदार नव्या आवृत्तीतील फक्त दोषाची दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवितात. बाकी घडण तशीच ठेवतात. म्हणून आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी तेवढ्यावरून ती असुरक्षित ठरत नाही. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. बारावी जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येकीला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे मर्यादित आधार मिळतो. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिलाही पाच वर्षांचा सर्वसाधारण आधार असतो.

परंतु मुदत पाहताना मुदत देणाराही पाहावा. सेंटओएस ही प्रणाली असंख्य सर्व्हरांवर विश्वासाने वापरली जात असे. तिच्या आठव्या आवृत्तीचा आधार २०२९ पर्यंत मिळेल असे लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, तो २०२१ च्या अखेरीस संपेल. मुक्ततेचा उपयोग येथे दिसला. त्याच घडणीवरून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्येच उभ्या राहिल्या. तरी स्थलांतराचे श्रम कोणाला चुकले नाहीत.

तेव्हा लहान गावच्या संस्थेने काय करावे? दीर्घ आधाराची स्थिर शाखा निवडावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी. ही सोय डेबियन व उबुंटूत आहे. मात्र दुरुस्ती बसली म्हणजे ती लागू झालीच असे नाही. चालू असलेली आज्ञावली पुन्हा सुरू करावी लागते, आणि प्रणालीचा गाभा बदलला असेल तर बहुधा सारा संगणकच. त्यासाठी आठवड्यातील एक निवांत वेळ ठरवावी. आवृत्ती बदलणे म्हणजे मात्र वासे बदलणे होय. ते काम आधाराची मुदत संपण्यापूर्वी, दुसऱ्या संगणकावर रंगीत तालीम करून, एकेक आवृत्तीने पुढे सरकत करावे. त्याआधी नोंदींची प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत मिळतात की नाही, हे एकदा करून पाहावे.

शेवटी एक गोष्ट कोणतीही प्रणाली आपोआप करीत नाही. हे काम नेमके कोणाचे, ते ठरविणे. संस्थेच्या वहीत त्या माणसाचे नाव व आधार संपण्याची तारीख, या दोन नोंदी आजच करून ठेवाव्यात. ज्याचे काम सर्वांचे असते, ते बहुधा कोणाचेच नसते.