भूक, मेंदू आणि बदनामी

लठ्ठ माणूस दिसला की आपला समाज निकाल देऊन मोकळा होतो. हा खादाड, हा आळशी, याचा जिभेवर ताबा नाही! पुरावा कुणी मागत नाही. आम्ही मात्र मागणार आहोत.

१९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर अतोनात खाऊन लठ्ठ होताना आढळले. पुढे डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचा रक्तप्रवाह निरोगी उंदराशी जोडला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. निरोगी रक्तात 'आता पुरे' असे सांगणारे काहीतरी होते. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या पथकाने त्याचा जनुक शोधला. ते संप्रेरक म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशींत ते तयार होते आणि शरीरात साठा किती, हे मेंदूतील हायपोथॅलॅमसला कळवते. १९९९ साली जपानी संशोधकांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन शोधले. ते भूक चाळवते.

बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. वजन उतरवले की लेप्टिन घटते आणि मेंदूला वाटते, दुष्काळ पडला! भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून वापरते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, वजन घटवल्यानंतर वर्ष उलटले तरी संप्रेरकांचा कौल भुकेच्याच बाजूने राहतो. मग उतरलेले वजन पुन्हा चढले, तर एकट्या इच्छाशक्तीला दोषी कसे धरायचे?

याचा अर्थ आहार-व्यायाम सोडा असा नव्हे. त्यांची गरज आहेच. पण स्थूलपणावर डॉक्टरकडे उपचार घ्यायचा असतो, टोमणे मारून तो बरा होत नाही.

या टोमण्यांवरच काहींचा धंदा चालतो. 'महिन्यात दहा किलो कमी' म्हणत चूर्ण-गोळ्या विकल्या जातात. लाजेने खचलेला माणूस, विशेषतः आपल्या भगिनी, कष्टाचा पैसा तिथे ओततात. वास्तविक औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलपणाचा समावेश आहे. त्यावरील औषधाची जनतेपुढे जाहिरात करण्यास मनाई आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, वस्तीत असे पत्रक दिसले तर फाडू नका. जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. पोचपावती घ्यायला विसरू नका.