मोठ्या पेशींचा चकवा : डाऊन सिंड्रोम आणि लोह

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांच्या शरीरातील प्रत्येक पेशीत २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये पॅरिसमधील जेरोम लेज्यून, मार्थ गोतिये आणि रेमाँ त्युर्पां यांच्या कामातून पुढे आला. या एका गुणसूत्राचे परिणाम अंगभर पसरतात. स्नायू सैल असतात, वाढ सावकाश होते, बसणे-चालणे-बोलणे उशिरा येते. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतः दोष असतो आणि अनेकांची थायरॉइड ग्रंथी मंद चालते. गुणसूत्र बदलता येत नाही. पण अशा मुलाच्या मंदपणाचा काही भाग शरीरातल्या लोहाच्या कमतरतेमुळे असू शकतो, आणि तेवढा भाग नक्की बदलता येतो.

लोह कमी पडले की मूल मलूल दिसते, लवकर दमते, चिडचिड करते. त्याचे लक्ष टिकत नाही, भूक मंदावते, शिकलेल्या गोष्टी पुढे सरकत नाहीत. नेमकी हीच लक्षणे घरचे आणि कधी कधी डॉक्टरही डाऊन सिंड्रोमच्या खात्यावर टाकतात. ‘तो आधीपासून असाच आहे’ या एका वाक्याने तपासणी लांबणीवर पडते. माती, भिंतीचा चुना किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय हेसुद्धा लोहाच्या कमतरतेचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. या मुलांत मात्र ती बऱ्याचदा ‘वागणुकीचा प्रश्न’ म्हणून सोडून दिली जाते. झोपेचेही तसेच. रात्रभर पाय झाडणे, अंथरुणात गोल फिरणे, सतत कूस बदलणे यामागे घशातल्या वाढलेल्या टॉन्सिलमुळे श्वास अडकणे हे कारण असू शकते आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण लोहाचा साठा खालावला तरी पाय स्वस्थ राहत नाहीत. म्हणून अशी अस्वस्थ झोप असलेल्या मुलांत लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर बाकीचा अहवाल ठीक असूनही डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.

मेंदूच्या वाढीत लोहाचे काम पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. मज्जातंतूंवरचे आवरण तयार होणे, मेंदूतील संदेशवाहक रसायने बनणे यांना लोह लागते. शिकण्यासाठी आधीच जास्त कष्ट घ्यावे लागणाऱ्या मुलाच्या वाट्याला हा तुटवडा यावा, ही गोष्ट म्हणूनच गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ज्या राज्यात सर्वसाधारण मुलांची ही स्थिती आहे, तिथे डाऊन सिंड्रोम असलेले मूल त्यातून सुटेल असे मानायला काहीच आधार नाही.

खरी गुंतागुंत रक्ताच्या अहवालात आहे. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. पेशीचा सरासरी आकार अहवालात ‘एमसीव्ही’ या आकड्याने दिलेला असतो आणि तो घसरलेला दिसला की डॉक्टरांच्या मनात लोहाची शंका येते. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र तांबड्या पेशी मुळातच इतर मुलांपेक्षा मोठ्या असतात. त्यामुळे लोह घटून पेशी लहान झाल्या, तरी त्या आकसून ‘नॉर्मल’ समजल्या जाणाऱ्या पट्ट्यातच राहतात. कागदावर सगळे ठीक दिसते आणि कमतरता मागे दडून राहते. साधी रक्तगणना या मुलांत असा चकवा देते.

फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप. पाच वर्षांखालील निरोगी मुलात ते लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले, तर जागतिक आरोग्य संघटना लोहाची कमतरता मानते. पण ताप, सर्दी, कानाचा संसर्ग असला की फेरिटिन खोटेच चढते, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना असे संसर्ग वरचेवर होतात. त्यासाठी सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी चाचणी करतात. शरीरात दाह असेल तर ३० च्या खालचे फेरिटिनही कमी समजले जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डाऊन सिंड्रोम असलेल्या एका वर्षापुढील प्रत्येक मुलाची दरवर्षी रक्तगणना आणि जोडीला लोहाच्या साठ्याची तपासणी सुचवली आहे. फक्त हिमोग्लोबिन पाहून थांबणे या मुलांत पुरेसे नाही.

हिमोग्लोबिन आणखी एका ठिकाणी दिशाभूल करते. हृदयाच्या काही दोषांत शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळते आणि ओठ-नखे निळसर दिसतात. प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी शरीर जास्त तांबड्या पेशी बनवते, त्यामुळे हिमोग्लोबिन चढे असते. अशा मुलाचे १३ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानणे चूक ठरू शकते, कारण त्याच्या शरीराला त्याहून जास्त हवे असते आणि ते बनवायला लोह उरलेले नसते.

लोह कमी का पडते, याचे उत्तर बहुतेक वेळा ताटात सापडते. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचे ओठ, जीभ आणि जबड्याचे स्नायू सैल असतात, दात उशिरा येतात, चावायला शिकणे लांबते. घास घशात अडकेल या भीतीने घरचे लोक दूध, पेज, मिक्सरमधून काढलेला वरण-भात यांवर महिनोन्‌महिने काढतात. ही भीती खरी असते आणि तिच्यामागे माया असते. पण अर्धा लिटर दुधात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते, उलट दुधातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह शोषू देत नाही आणि पोट भरल्यामुळे मूल दुसरे काही खात नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवे. चार ते सहा वर्षांत ते ११ होते. दुधावर वाढणारे मूल या आकड्याच्या जवळपासही जात नाही. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून दिले, तर काही बाळांच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही होतो.

यावरचा उपाय म्हणजे घट्टपणा टप्प्याटप्प्याने वाढवणे. सहाव्या महिन्यानंतर बाळाचे डोके आणि मान सावरली की पातळ लापशी, मग चमच्यावर थांबेल अशी खीर, मग हाताने कुस्करलेली मऊ खिचडी, मग बोटात धरता येणारा इडलीचा तुकडा. गिळताना ठसका लागत असेल, श्वास घुरघुरत असेल, छातीत वारंवार कफ होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी आणि स्पीच थेरपिस्टची मदत घ्यावी. चावण्याचे स्नायू वापरल्यानेच बळकट होतात. मिक्सर जितका लांबेल तितके चावणे लांबते.

मराठी स्वयंपाकघरात लोहाचे पदार्थ भरपूर आहेत. बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे ६ मिलिग्रॅम, नाचणीत साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. राजगिरा त्याहून सरस. बाळंतिणीसाठी राखलेले अळीव भिजवून, खिरीत शिजवून मोठ्या वयाच्या मुलाला थोडे थोडे देता येते. मसूर, मटकी, चवळी, शेवग्याचा पाला, तीळ, काळे मनुके हेही जमेला धरावेत. धान्य-डाळींतले लोह मात्र सहजी शोषले जात नाही. शंभरातले पाच-आठ भागच रक्तात पोचतात. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह याहून कितीतरी चांगले शोषले जाते, आणि चालत असेल त्या घरात कलेजी उकडून, बारीक कुस्करून भातात मिसळली तर चावण्याचीही अडचण राहत नाही. शाकाहारी घरात लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो हे काम करतात, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोगे रूप देते. डाळी-कडधान्ये भिजवणे आणि मोड आणणे या जुन्या सवयी लोहाला अडवणारे घटक कमी करतात. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला की थोडे लोह अन्नात उतरते. चहाचे दोन घोट मुलाला देण्याची पद्धत मात्र बंदच करावी, चहा लोहाला आतड्यातच बांधून ठेवतो. पालक आणि गूळ यांचा बोलबाला त्यांच्या खऱ्या योगदानापेक्षा बराच मोठा आहे.

आहार सुधारला, औषधही नेमाने दिले, तरी लोह वाढत नसेल तर सिलिअ‍ॅक आजाराचा विचार करावा लागतो. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर झिजते आणि लोह शोषलेच जात नाही. डाऊन सिंड्रोममध्ये हा आजार इतरांपेक्षा बऱ्याच पटींनी जास्त आढळतो. रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, नाहीतर चाचणी फसते. निदान पक्के झाले तर मात्र गहू आणि जव आयुष्यभर सोडावे लागतात. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या घराला हे पथ्य त्यामानाने सोपे जाते. फक्त बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, याकडे लक्ष ठेवावे लागते.

कमतरता ठरली की उपचारासाठी साधारणपणे किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह दिवसातून एकदा देतात. नेमकी मात्रा बालरोगतज्ज्ञ ठरवतात. बाटलीवरचा आकडा वाचताना ‘एलिमेंटल आयर्न’ किती ते पाहावे, कारण क्षाराचे वजन आणि त्यातले प्रत्यक्ष लोह यांत मोठा फरक असतो. औषध दुधाबरोबर देऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर चालते. ड्रॉपरने औषध गालाच्या आत मागच्या बाजूला सोडले आणि नंतर पाणी पाजले तर दात काळवंडत नाहीत. शी काळी होणे अपेक्षितच असते. बद्धकोष्ठ मात्र या मुलांत आधीच असते, म्हणून पाणी, फळे आणि गरज पडल्यास शौच मऊ करणारे औषध सोबत ठेवावे. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढायला हवे. ते नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही साठा भरण्यासाठी दोन-तीन महिने औषध चालू ठेवतात. बहुतेक घरांत चूक इथेच होते: आकडा सुधारला की बाटली बंद पडते.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोहाचे औषध यांत चार तासांचे अंतर हवे. एकत्र दिल्यास लोह त्या गोळीला शोषू देत नाही, थायरॉइड पुन्हा मंदावते आणि मूल परत मलूल होते. सकाळी उपाशीपोटी गोळी, दुपारी लोह, असा क्रम बऱ्याच कुटुंबांना जमतो.

गरज नसताना लोह देणे योग्य नाही. २१व्या गुणसूत्रावर ‘एसओडी-१’ हे जनुक आहे आणि त्याच्या तीन प्रतींमुळे या मुलांच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण जास्त असतो असे मानले जाते. मोकळे लोह तो ताण वाढवू शकते. गरज नसताना काही देण्याचे दुसरे टोक म्हणजे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचे उपचार. अमेरिकेत डॉ. हेन्री टर्केल यांनी १९४०च्या दशकापासून अनेक औषधांचे मिश्रण वापरले, पुढे त्याचे नवनवे अवतार विकले गेले. ब्रिटनमध्ये १५६ बाळांवर अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक आम्ल यांची शिस्तशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळांच्या विकासात कोणताही फायदा दिसला नाही. हजारो रुपयांच्या अशा डब्यांवर पालकांनी पैसा घालवू नये. तपासणीत सिद्ध झालेली लोहाची कमतरता भरून काढणे ही वेगळी आणि आवश्यक गोष्ट आहे. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या मुलातही हिमोग्लोबिन थोडे कमी असते. तिथे साठा न तपासता वर्षानुवर्षे लोह देत राहण्यात अर्थ नाही.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप मिळते, त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४५ मिलिग्रॅमची गुलाबी गोळी दिली जाते. डॉक्टरांनी वेगळा उपचार सुरू केला असेल तर अंगणवाडीताईंना किंवा शाळेला तसे सांगावे, म्हणजे दुहेरी मात्रा होणार नाही. पन्नास मिलिलिटरच्या अशा एका बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम लोह असते. किलोमागे ६० मिलिग्रॅम ही मात्रा जीवघेणी ठरू शकते, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ६००. गोड चवीमुळे मूल बाटली तोंडाला लावू शकते, म्हणून ती हाताला न लागणाऱ्या फडताळात, कुलपात ठेवावी. चुकून औषध प्यायले गेले तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल सुधारल्यासारखे दिसते आणि त्यानंतर प्रकृती एकदम ढासळते. मधल्या त्या बऱ्या दिसणाऱ्या तासांवर विसंबून न राहता बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.