अंशतः लुप्त मूकपटाचे वाचन : ‘बिल्वमंगल’च्या निमित्ताने

लुप्त मूकपट म्हटला की कोडोलीसारख्या गावाहून कोल्हापुरास शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास बाबुराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु संपूर्ण लुप्त व अंशतः लुप्त या दोन भिन्न अवस्था होत. दुसरीचे उदाहरण आपल्याला कलकत्त्यात शोधावे लागते.

मदन यांच्या संस्थेचा, रुस्तमजी धोतीवाला दिग्दर्शित ‘बिल्वमंगल’ १ नोव्हेंबर १९१९ रोजी कलकत्त्याच्या कॉर्नवॉलिस थिएटरात दाखविला गेला. चिंतामणी या गणिकेवरील प्रेमापायी रात्री पुराची नदी प्रेताच्या आधाराने ओलांडणारा, सर्पास दोर समजून वर चढणारा व तिच्याच एका बोलाने विरक्त होणारा नायक, असे हे कथानक. मूळ लांबी १२,००० फूट, म्हणजे सुमारे ३,६५७ मीटर. फ्रान्समधील सिनेमातेक फ्रांसेज या संग्रहात त्यातील ५९४ मीटर सापडले, आणि २०१६ साली ‘जमाईबाबू’ (१९३१) या मूकपटाच्या मोबदल्यात त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आली. उरले ते सुमारे एकषष्ठांश.

येथे मोजमापाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणून हे ५९४ मीटर सेकंदास १८ चौकटींच्या गतीने सुमारे २९ मिनिटे चालतात, तर २४ च्या गतीने २२ मिनिटांच्या आतच संपतात. मूकपटांची गती सर्वत्र एकच नव्हती. यास्तव मूळ चित्रपट अमुक मिनिटांचा व अवशेष तमुक मिनिटांचा, अशी तुलना गती न सांगता केली तर ती निरर्थक ठरते. लांबीच प्रमाण मानावी. (मिनिटांचे आकडे बिनदिक्कत उतरवून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे.)

उरलेल्या भागावरून काय सिद्ध होते? चौकट, प्रकाश, अभिनय यांविषयी जे बोलावयाचे ते या भागापुरतेच. कथेची पोकळी मात्र भरून काढता येते, कारण बिल्वमंगलाची आख्यायिका चित्रपटापूर्वीपासून लोकांस ठाऊक होती. तरीही आख्यायिकेतील प्रसंग पडद्यावर तसाच होता, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

‘सावकारी पाश’ची स्थिती नेमकी उलट. त्याचा तुकडाही उपलब्ध नाही, परंतु ना. ह. आपटे यांची कथा व पेंटर यांनीच १९३६ साली केलेला बोलपट ही साधने आहेत. जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणारा शेतकरी आपल्या वाचकांस परिचयाचा वाटतो, म्हणूनच अनेकजण बोलपटावरून मूकपटाचे वर्णन करून मोकळे होतात. पण अकरा वर्षांत ध्वनी आला, पात्रे बदलली. मूकपटातील तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगविला होता. १९३६ साली ते पुण्यास ‘प्रभात’मध्ये दिग्दर्शन करीत होते.